प्राण्यांच्या आवाजात अभिजात पियानो रचना: सूर आणि ताल न सोडता कशी बसवायची

मांजराच्या म्यावमध्ये बेथोव्हेनची 'फ्युर एलिझ' ही पियानो रचना ऐकून माणसं हसतात, कारण चाल तंतोतंत बरोबर असते आणि ती मांजर गात असतं. सूर घसरला किंवा ताल ढळला की चाल ओळखू येत नाही, आणि मग उरतो तो नुसता कालवा. बहुतेकांचं काम इथेच फसतं. आधी वीस-पंचवीस आवाज गोळा करायचे आणि मग ते एखाद्या रचनेत कोंबायचे, अशा उलट्या क्रमाने ते केलेलं असतं. खालच्या पायऱ्या याच क्रमाने करा. एकही पुढे-मागे केलीत तर आधीचं काम पुन्हा करावं लागेल.

साहित्य थोडकं लागतं. आवाज कापायला आणि मोजायला ऑडेसिटीसारखं मोफत सॉफ्टवेअर, मिडी (कुठला सूर कधी आणि किती वेळ वाजवायचा याच्या नोंदी) आणि सॅम्पलर (मुद्रित आवाज वेगवेगळ्या सुरांत वाजवणारं साधन) चालवणारं रीपरसारखं एखादं सॉफ्टवेअर, नोटेशन लिहायला म्युझस्कोर, बरे हेडफोन, आणि शेवटच्या तपासणीसाठी मोबाइलचा साधा स्पीकर. पियानो वाजवता आला तर उत्तम, पण नोटेशन वाचता येत असेल तरी काम भागतं.

## १. रचना निवडा आणि तिचं माप काढा

निवडीच्या तीन कसोट्या आहेत. चाल पहिल्या दोन-तीन सेकंदांत ओळखू यावी. एका वेळी फार सूर वाजत नसावेत. आणि रचना पेडलवर अवलंबून नसावी. पियानोवर पेडल दाबून ठेवलं की सूर एकमेकांत मिसळत राहतात आणि ते गोड लागतं. तेच तीन शेळ्या एकमेकींत मिसळल्या की काहीच कळत नाही. म्हणून बेथोव्हेनच्या 'मूनलाइट' सोनाटाचा पहिला भाग कितीही प्रसिद्ध असला तरी या कामाला वाईट. शोपॅंचा 'मिनिट वॉल्ट्झ' इतका वेगात जातो की प्राण्याला तोंड उघडायलाही वेळ मिळत नाही. एरिक साती या संगीतकाराची पहिली 'जिम्नोपेदी' मात्र संथ आहे: पहिल्या मात्रेला खर्जातला एक सूर, दुसऱ्या मात्रेला वरचा कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर), आणि त्यावर सावकाश चाल. लांब हंबरडे बसवायला ती फार चांगली.

पहिल्या प्रयत्नासाठी 'फ्युर एलिझ'चे सुरुवातीचे आठ बार, म्हणजे तालाची आठ आवर्तनं, घ्या. सगळी उदाहरणं मी त्यांच्यावरच देतो.

आता माप. रचनेतला सर्वांत खालचा आणि सर्वांत वरचा सूर कागदावर लिहा, दोन्ही हातांचा वेगवेगळा. (सी, डी, ई ही सुरांची पाश्चात्त्य नावं, पुढचा आकडा सप्तकाचा, सी४ म्हणजे पियानोचा मधला सी, आणि शार्प म्हणजे लगेच वरची पट्टी.) या आठ बारांत उजवा हात सी४ ते ई५ फिरतो, म्हणजे २६२ ते ६५९ हर्ट्झ. डावा हात ई२ ते ए३, म्हणजे ८२ ते २२० हर्ट्झ. त्यानंतर सर्वांत छोट्या सुराची लांबी काढा. ३/८ च्या तालात, म्हणजे एका बारमध्ये तीन आठवे, एका मिनिटाला १२० आठवे धरले, तर एक सोळावा (आठव्याच्या निम्मा सूर) पाव सेकंदाचा होतो. हा पाव सेकंदाचा आकडा डोळ्यांसमोर ठेवा, कारण पुढचे निम्मे निर्णय त्यावरून होतात.

तपासणी: सूरपट्टा आणि सर्वांत छोटा सूर, या दोन्ही गोष्टी लिहून झाल्या नसतील तर एकही आवाज शोधायला जाऊ नका.

हक्कांचंही इथेच बघून घ्या. बेथोव्हेन १८२७ मध्ये गेला, त्यामुळे त्याचे सूर कुणीही वापरू शकतं. पण आजच्या वादकाचं ध्वनिमुद्रण, नव्याने संपादित केलेली आवृत्ती किंवा कुणी कष्टाने तयार केलेली मिडी फाइल यांवर स्वतंत्र हक्क असू शकतात. जुन्या आवृत्तीवरून सूर स्वतः भरलेत तर प्रश्नच उरत नाही.

## २. कुठला सूर कुणाला, ते ठरवा

प्राण्यांची निवड गमतीवर न करता सूरपट्ट्यावर करायची. गंमत आपोआप येते.

मांजर. म्यावमध्ये मधला काही भाग स्पष्ट सुराचा असतो आणि तो बहुतेक वेळा पियानोच्या मधल्या सी पासून वरच्या एक-दोन सप्तकांत पडतो. चालीसाठी पहिली पसंती.

गाय. तोंड मिटून काढलेला हुंकार आणि तोंड उघडून हंबरणं हे दोन वेगळे आवाज आहेत. दुसरा चढा असतो. खर्जाचे सूर गाईलाच द्या. ए२ म्हणजे ११० हर्ट्झ तिला सहज पेलतो.

शेळी आणि मेंढी. यांच्या आवाजात मुळातच जोरदार कंप असतो. लांब सुरांवर तो बहार आणतो, पण पाव सेकंदात कापला तर नुसतं तुटक 'बे' उरतं. पाव सेकंदाचे सूर यांना द्यावेच लागले, तर आवाजाचा अगदी सुरुवातीचा, कंप सुरू होण्याआधीचा तुकडा घ्या.

कुत्रा. भुंकण्यात ठरावीक सूर जवळपास नसतो. त्याच्याकडून चाल गाऊन घ्यायचा हट्ट सोडा आणि त्याला ठेक्याला बसवा. मोत्झार्टच्या 'तुर्की मार्च'मध्ये डाव्या हाताचे ठोके जिथे ताशासारखे पडतात तिथे भुंकणं अगदी चपखल बसतं.

बेडूक. डराव म्हणजे जवळजवळ सुटे ठोकेच असतात. एकच सूर पुन्हा पुन्हा वाजतो तिथे बेडूक ठेवा. 'फ्युर एलिझ'च्या पुढच्या भागात खालचा ए एकसारखा ठोकला जातो. पूर्ण रचना करायला घ्याल तेव्हा ती जागा त्याच्यासाठी राखून ठेवा.

घुबड. अनेक घुबडांचा घूत्कार इतका स्वच्छ असतो की तो बासरीसारखा वाटतो. संथ चालीला सुंदर. पण त्यातली एक अडचण नवव्या पायरीत येईल.

पहिल्या आठ बारांची वाटणी मी अशी करेन: चालीचे ए४ पासून वरचे सूर मांजराला, सी४ ते जी शार्प ४ मधले शेळीला, आणि डाव्या हातात प्रत्येक बारचा पहिला खालचा सूर गाईला. गाय तो सूर बारभर धरून ठेवेल. त्याच्यावरचे दोन छोटे सूरही शेळीलाच. गाईकडून पाव सेकंदाचे तिन्ही सूर वाजवून घेऊ नका, ती उचकी लागल्यासारखी वाटते.

इशारा: एका मिनिटाच्या तुकड्यात तीन-चार प्राणी पुष्कळ झाले. प्रत्येक बारला नवा प्राणी आणला की कान चाल सोडून प्राणी मोजायला लागतो.

## ३. आवाज मिळवा

स्वतः मुद्रण करणार असाल तर २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ, मोनो ठेवा. पातळी अशी लावा की सर्वांत मोठा आवाज उणे १२ डेसिबलच्या आसपास जाईल. प्राणी सूचना न देता ओरडतो, त्यामुळे वर मोकळी जागा हवीच. माइक जवळ हवा आणि खोली शक्यतो बिनघुमाची.

पार्श्वभूमीच्या आवाजाकडे लोक सर्वांत जास्त दुर्लक्ष करतात. पंख्याची घरघर मुद्रणात आली असेल, तर म्याव वर-खाली सरकवताना ती घरघरही सोबत वर-खाली सरकते. एकट्या नमुन्यात, म्हणजे मुद्रित केलेल्या एका सुट्या आवाजात, ती ऐकूसुद्धा येत नाही. चाल वाजायला लागली की मात्र मांजराच्या मागे पंखाही तीच चाल गातो. नॉइज रिडक्शनने, म्हणजे घरघर कमी करायच्या साधनाने, हे थोडंफार निघतं, पण जास्त केलं तर म्यावला पाण्याखालून आल्यासारखा आवाज येतो. स्वच्छ नमुना मिळेपर्यंत थांबणं बरं.

आवाज बाहेरून घेत असाल तर प्रत्येक फाइलचा परवाना वाचा. काही परवान्यांत नाव देणं बंधनकारक असतं, काहींत व्यावसायिक वापराला मनाई असते.

इशारा: आवाज काढावा म्हणून प्राण्याला चिमटा काढणं, कोंडणं, उपाशी ठेवणं, घाबरवणं, यातलं काहीही करू नका. भेदरलेल्या प्राण्याचा आवाज ऐकणाऱ्यालाही कळतो आणि हसू तिथेच थांबतं. मांजर खायच्या वेळेला आणि शेळी कळपातल्या सोबतिणीला पाहून आपणहून बोलते. तेव्हा माइक तयार ठेवा.

एका प्राण्याचे किमान तीन वेगळे आवाज लागतील. पहिल्याच ओळीत ई, डी शार्प, ई, डी शार्प, ई असं येतं, म्हणजे ई तीनदा. तिन्ही वेळा हुबेहूब तेच म्याव वाजलं तर मांजर नाहीसं होऊन यंत्र ऐकू येतं.

## ४. कापा, आणि 'उठाव' शोधा

या पायरीला सर्वांत जास्त वेळ द्या.

पियानोची पट्टी दाबली की सूर त्याच क्षणी उठतो. म्यावचं तसं नाही. आधी ओठ मिटलेला 'म्‌' येतो, मग तोंड उघडतं आणि 'याऽ' फुटतो. कानाला ठोका जाणवतो तो 'या' फुटतो तिथे, फाइल सुरू होते तिथे नाही. मधलं अंतर एक दशांश सेकंद असलं, तर पाव सेकंदाच्या सुरात ४० टक्के उशीर झाला. मिडी ग्रिडवर (तालाच्या समान रेषांवर) बरोबर बसलेली असते, पडद्यावर सगळं सरळ दिसतं, आणि तरीही मांजर सतत मागे पडल्यासारखं वाटतं, त्याचं कारण हे.

म्हणून प्रत्येक नमुना मोठा करून बघा. लाट अचानक जाड होते ती जागा शोधा, तिथे खूण करा. हाच उठाव. मग प्रत्येक आवाजाच्या दोन प्रती करा:

- आखूड प्रत: उठावाच्या आधीचे फक्त २० ते ३० मिलिसेकंद ठेवा. मांजराची ओळख पटायला एवढा 'म्‌' पुरतो. एकूण लांबी पाव सेकंदाच्या थोडी वर. शेवटी छोटा फेड, म्हणजे आवाज हळूहळू शून्यावर नेणं.
- लांब प्रत: 'म्‌' पूर्ण ठेवा, पण उठाव किती मिलिसेकंदांवर आहे ते फाइलच्या नावातच लिहा. आठव्या पायरीत तो आकडा लागेल.

काप नेहमी लाट शून्यरेषा ओलांडते तिथे द्या, नाहीतर 'टक्‌' असा आवाज येतो. ऑडेसिटीत निवड केल्यावर झेड ही कळ दाबली की निवड शून्यरेषेवर सरकते.

तपासणी: मेट्रोनोम (ठरावीक वेगाने ठोके देणारं साधन) लावा आणि आखूड प्रत प्रत्येक ठोक्यावर आठ वेळा ठेवा. डोळे मिटून ऐका. ठोका आणि म्याव दोन वेगळे ऐकू आले तर उठाव चुकला आहे.

## ५. मूळ सूर ओळखा

सॅम्पलरला सांगावं लागतं की हा नमुना कुठल्या पट्टीचा आहे. ते चुकलं तर पुढचं सगळं बेसूर.

ऑडेसिटीत नमुन्याचा स्थिर भाग निवडून 'प्लॉट स्पेक्ट्रम' उघडा. तिथे एकापुढे एक शिखरं दिसतात. सर्वांत उंच शिखर म्हणजे सूर, असं समजून पुढे जाणं ही नेहमीची चूक आहे. गाईच्या आवाजात मूळ सूर ११० हर्ट्झ असला तरी ३३० चं शिखर सर्वांत उंच असू शकतं. ते तिसरं हार्मोनिक, म्हणजे मूळ सुराच्या तिप्पट वारंवारितेचा सोबतचा सूर झाला, आणि ३३० म्हणजे ई. म्हणजे तुम्ही ए ला ई म्हणून नोंदवलंत, आणि गाय अख्ख्या रचनेत भलत्याच पट्टीत हंबरत राहिली.

खात्रीचा उपाय म्हणजे लागोपाठच्या शिखरांमधलं अंतर मोजणं. ११०, २२०, ३३०, ४४० अशी शिखरं असतील तर अंतर ११०, आणि मूळ सूर तोच. त्यानंतर त्याच वारंवारितेचा साधा साइन टोन (एकाच वारंवारितेचा शुद्ध सूर) तयार करून नमुन्यासोबत वाजवा. दोन्ही एकजीव झाले तर नोंद बरोबर.

इशारा: मिडीत मधल्या सी चा क्रमांक ६० असतो. काही सॉफ्टवेअर त्याला सी४ म्हणतात, काही सी३. वेगवेगळी सॉफ्टवेअर वापरत असाल तर नावावर न जाता क्रमांक जुळवा. सगळं अचूक असूनही प्राणी एक सप्तक वर किंवा खाली गात असेल तर घोळ बहुधा इथे आहे.

## ६. मींड किती ठेवायची

कुठलाही प्राणी एका सुरावर थांबत नाही. म्याव चढतं आणि उतरतं. ही मींड पूर्ण काढून टाकली तर आवाज स्वस्त कीबोर्डसारखा सपाट होतो आणि मांजर संपतं. सगळी ठेवली तर सूर लागत नाही.

मधला मार्ग असा: पिच दुरुस्तीच्या साधनाने उठावानंतरचा भाग सरळ करा, तो नेमक्या सुराच्या १५ ते २० सेंटच्या आत आणा, आणि शेपूट मोकळं सोडा. (१०० सेंट म्हणजे एक अर्धस्वर, शेजारच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर.) आखूड प्रतीत शेपूट नसतंच, तिथे सूर कडक ठेवा. लांब प्रतीत शेवटी म्याव खाली घसरू द्या. ओळीच्या शेवटच्या ए वर ती घसरण आली की ऐकणारा हमखास हसतो. पण हे फक्त ओळीच्या शेवटीच.

## ७. सॅम्पलरमध्ये भरा

एक नमुना सगळ्या कीबोर्डभर ताणू नका. साध्या पद्धतीने सूर चढवला की आवाज आखूडही होतो आणि उतरवला की लांबतो. एक सप्तक वर नेला तर लांबी निम्मी. चार अर्धस्वर वर नेला तरी ०.८ सेकंदाचं म्याव सुमारे ०.६३ सेकंदाचं होतं. शिवाय आवाजाचा पोतच बदलतो: मांजराचं पिल्लू होतं, गाईचं वासरू.

म्हणून प्रत्येक नमुना मूळ सुराच्या तीन अर्धस्वर वर आणि तीन खाली एवढाच चालवा. म्हणजे एका नमुन्याला सात पट्ट्या. उजव्या हाताच्या सी४ ते ई५ या सूरपट्ट्यात पियानोच्या १७ पट्ट्या येतात, त्याला किमान तीन नमुने लागतात.

बाकीच्या सेटिंग थोडक्यात: अ‍ॅटॅक (आवाज पूर्ण चढायला लागणारा वेळ) शून्याजवळ, रिलीज (सूर सोडल्यावर आवाज विरायला लागणारा वेळ) ५० ते ८० मिलिसेकंद, आणि एकाच पट्टीवरचे तीन पर्याय आळीपाळीने वाजतील अशी राउंड रॉबिनची व्यवस्था. हळू आणि जोरात हा फरक नुसत्या व्हॉल्यूमने करू नका. हळू म्याव म्हणजे बारीक केलेलं मोठं म्याव नव्हे. त्याचा पोत वेगळा असतो. निदान दोन थर तरी वेगळ्या नमुन्यांचे ठेवा.

तपासणी: पट्टा खालपासून वरपर्यंत एकेक अर्धस्वर वाजवा. एका नमुन्यावरून दुसऱ्यावर जाताना प्राणी बदलल्यासारखा वाटला तर दोन्हींची पातळी आणि पोत जुळवा.

## ८. मिडी साफ करा, मग ताल जुळवा

पियानोसाठी केलेली मिडी जशीच्या तशी लावली की बहुतेक वेळा चिखल होतो. आधी सस्टेन पेडलच्या सगळ्या नोंदी, म्हणजे कंट्रोलर ६४, काढून टाका. त्या राहिल्या तर प्रत्येक म्याव पुढच्या म्यावच्या अंगावर चढतं. मग प्रत्येक सुराची लांबी थोडी कमी करा, म्हणजे दोन आवाजांमध्ये श्वासापुरती फट राहील. खर्जातले दाट कॉर्ड दोन सुरांवर आणा. प्राण्यांच्या आवाजात हार्मोनिक्स खच्चून असतात आणि खाली ते एकमेकांशी भांडतात.

ताल आता, सगळ्यात शेवटी. लांब प्रतींच्या नावात लिहिलेला उठावाचा आकडा घ्या आणि ते सूर तेवढे मिलिसेकंद आधी सरकवा. उठाव ९० वर असेल तर सूर ९० मिलिसेकंद अलीकडे. नमुना तीन अर्धस्वर चढवलेला असेल तर उठावही लवकर येतो, ९० चे सुमारे ७६ होतात. एवढा फरक कानानेच लावा. गाईच्या बाबतीत अंतर बरंच मोठं निघेल, बारच्या बाहेर जाईल असं वाटेल, तरी सरकवा.

ग्रिडला चिकटवायच्या 'क्वांटाइझ'चा मोह इथे टाळा. त्याने सरकवलेलं सगळं परत जागेवर जातं.

## ९. मिश्रण आणि शेवटची तपासणी

चालीचा प्राणी मध्यभागी, खर्जाचाही मध्यभागी, मधले छोटे सूर थोडे डावीकडे-उजवीकडे. सगळ्यांना एकाच खोलीचा हलका रिव्हर्ब (खोलीतला घुमारा) द्या. वेगवेगळ्या ठिकाणी मुद्रित झालेले आवाज त्याने एकत्र येतात. शिखर उणे १ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका.

मग मोबाइलच्या स्पीकरवर ऐका, कारण बहुतेक जण तिथेच ऐकणार आहेत. एवढ्या छोट्या स्पीकरमधून ११० हर्ट्झ जवळजवळ निघतच नाही. तरी गाय ऐकू येते, कारण तिची वरची हार्मोनिक्स निघतात आणि कान त्यावरून खालचा सूर स्वतः भरून घेतो. घुबडाजवळ ती सोय नाही. स्वच्छ आवाजात वर फारसं काही नसतं, त्यामुळे खर्जात ठेवलेलं घुबड मोबाइलवर सरळ गायब होतं. त्याला निदान मधल्या सी च्या आसपास आणा.

शेवटी फाइल अशा माणसाला ऐकवा ज्याला रचनेचं नाव सांगितलेलं नाही. चित्र दाखवू नका, नुसता आवाज. दुसऱ्या ओळीपर्यंत त्याने चाल ओळखायला हवी. नाही ओळखली तर व्हॉल्यूम आणि रिव्हर्बशी खेळत बसू नका. आधी पाचव्या पायरीतला मूळ सूर तपासा, मग चौथीतला उठाव. दोष जवळपास नेहमी या दोनपैकी एका जागी सापडतो.

सॅम्पलरमधली वाद्यं प्राणी, मूळ सूर आणि प्रत असं नाव देऊन ठेवून द्या, जसं 'मांजर_ई५_आखूड'. पुढची रचना हातात घ्याल तेव्हा पहिली पायरी आणि वाटणी नव्याने करावी लागेल. पट्टा जमत असेल तर तिथून थेट आठवीवर जाता येईल.